परत दिलेली कोंबडी

थांबा, थांबा — काय म्हणालात? परत म्हणा एकदा. उद्या सकाळी उतरणार हाय? कोण, तुमचं पोरगं? गोबर गॅसच्या खड्ड्यात? न्हाय, ऐकू आलं मला, कान शाबूत हायत माझं, पण परत म्हणा. बाकीची मंडळी जेवायला गेली आन् तुमी मागं राहिलात, ते बरं झालं. मघाशी पन्नास माणसांत मी गोबर गॅसवर बोलत हुतो तवा तुमी गपचीप मान डोलवत हुता, आन् आता सगळी गेल्यावर हळूच इचारताय — आमचा सहा वरीस बंद हाय तात्या, साफ केला तर परत चालू हुईल का? हुईल की! का न्हाय हुणार? चार गाई हायत म्हणालात, शेण हाय, पाणी हाय, मग गॅस काय दिल्लीवरनं आणायचाय? पण ते पुढचं — "उद्या पोरगं उतरणार हाय" — ते तुमी असं म्हणालात, जसं काय पोरगं च्या प्यायला चाललंय. बसा. ह्या कट्ट्यावर बसा, हितं ऊन न्हाय. गाडी सुटायला अजून अर्धा तास हाय, ड्रायव्हर आत्ता कुठं ताटावर बसलाय.

नाव काय म्हणालात? सर्जेराव. निमगाव केतकीचं. मी दत्तोबा, सांगवीचा, पण ह्या ऊर्जा केंद्रात सगळी मला तात्याच म्हणत्यात — केंद्राचं सर पण तात्या, कॅन्टीनवाली पण तात्या, शाळेची पोरं येत्यात ती पण तात्या. बिल्ल्यावर 'गाईड' असं लिवलंय. आठ वरीस झाली. रोज तेच. हा बघा सूर्यावर चालणारा पंप. ही बघा पवनचक्की, फिरत न्हाय कारण वारं न्हाय, वारं आलं की फिरंल. ही बघा ताटलीसारखी शेगडी, हिच्यात हात घालू नगा, भाजंल — तरी एकजण घालतोच. मग मातीचं घर. मग गोबर गॅस. मग जेवण. माणसं पवनचक्कीपाशी फोटू काढत्यात आन् गोबर गॅसपाशी नाकाला रुमाल लावत्यात. तुमी न्हाय लावला. मी बघितलं. म्हणलं, ह्यो माणूस घरचं काहीतरी मनात घेऊन आलाय.

आन् पोराचं नाव? ऋषिराज. पुण्याला कंपनीत. दोन दिवसाची सुट्टी काढून आलाय — व्हय — आन् गडी मिळत न्हाईत म्हणून म्हणतोय, मीच उतरतो, आईला चुलीपुढं धूर नको. गुणी हाय. गुणी पोरंच उतरत्यात, सर्जेराव. आळशी पोरगं खड्ड्यात कशाला उतरंल? ते सावलीला मोबाईल बघत बसंल आन् शंभर वरीस जगंल. वरची लोखंडी टाकी काढली का? काढली. कवा? परवा. म्हंजे खड्डा उघडा पडून दोन दिवस झालं. आन् तुमी म्हणताय वास येत न्हाय. अहो, वास येत न्हाय ह्याच्यावरच तर माणूस फसतो! वास आला तर कोण उतरंल? तुमचा बारा फुटी खड्डा म्हंजे विहीरच समजा, वर मोकळं आभाळ हाय, वारं हाय, आपण काठावर उभं, छाती भरून हवा घेतो — आन् तळाला ते जड वारं बसल्यालं असतं, कोपऱ्यात दडून. दिसत न्हाय. वरनं सगळा शेणाचा राडा वाळल्याला, भेगा पडल्याल्या, शेतासारखा. माणसाला वाटतं, हितं काय हाय, माती हाय. खोरं मारलं की साय फुटती आन् खालचं सगळं वर येतं. मग हाक मारायला पण येळ मिळत न्हाय. न्हाय, कंदील सोडून बघू नगा! जुन्या विहिरीत सोडत्यात, कंदील इझला तर उतरायचं न्हाय, ते विहिरीला ठीक हाय — हितं तुमी पेटता कंदील सोडलात तर परड्यासकट उडाल.

मग काय करायचं? हां. मघाशी मी सांगितलं पन्नास जणांस्नी, पण तवा तुमच्यातला एक दात काढत हुता — तात्या, ही कोंबडी कशाला, संध्याकाळचा बेत का काय? आन् सगळी हसली. तुमी पण हसलात थोडं. ती कोंबडी ह्या गॅसची हाय. खायची न्हाय, विकायची न्हाय. ते डालगं बघा, तिला झाकायची टोपली, त्येच्या कडीला कासरा बांधलाय. हितला खड्डा वर्सातनं एकदा साफ करतो, तवा आधी टाकी काढून चार दिवस उघडं ठेवायचं, वरनं पंख्यानं हवा मारायची, निम्मा राडा वरनंच बादलीनं काढायचा, मग हिला डालग्यात घालून तळापातूर सोडायची. पाव तास. कोंबडी वर आणली आन् मान ताठ असली, डोळं फिरवत असली, तर कमरंला दोर बांधून माणूस उतरायचा, वर दोघं धरायला. आन् तो खाली हाय तवर कोंबडी पण खालीच, त्येच्या शेजारी. तिनं मान टाकली की वरच्यांनी इचारायचं न्हाय, बघायचं न्हाय, नुसतं वढायचं. मीटर हाय की! सरांच्या कपाटात हाय, आकडं दाखवतो, शिट्टी मारतो. चांगला हाय. मी त्येला नावं ठेवत न्हाय. पण सरांच्या मीटरचं आकडं मला कळत न्हाईत आन् कोंबडीची मान कळती. सर म्हणलं, तात्या, आता मीटर आलाय, कोंबडी काढून टाकूया, मोठी माणसं येत्यात, बरं दिसत न्हाय. मी म्हणलं, सर, मला काढा, कोंबडी ऱ्हाऊ द्या. मग ऱ्हायली कोंबडी.

आन् आता तुमी मान फिरवलीत. मी कोंबडी म्हणलं आन् तुमी तिकडं पवनचक्कीकडं बघाय लागला. का ते मला म्हायती हाय. सदऱ्याच्या आत हाय, पण दोरा दिसतोय — माळ हाय ना तुमच्या गळ्यात? व्हय. कधीपासनं? तेवीस वरीस. मग घरात अंडं पण न्हाय, दारात कोंबडी न्हाय. आन् मुक्या जीवाला दोर लावून मरायला सोडायचं म्हंजे — व्हय, व्हय, बरोबर हाय तुमचं. मी काय तुमचं चुकतंय म्हणतोय का? माझ्या? न्हाय, माझ्या गळ्यात न्हाय. हुती. एकवीस वरीस हुती. काढली. ते जाऊ द्या.

हे बघा, कोंबडीचं ऱ्हाऊ द्या. उद्या उतरूच देऊ नगा. सोमवारी सर येतील, मी सांगतो त्यास्नी, पंखा घेऊन येतील, मीटर घेऊन येतील, चार माणसं येतील, तुमी नुसता च्या पाजायचा. हा नंबर लिवून घ्या — काय? ऋषिराज ऐतवारी संध्याकाळी जाणार? जाऊ द्या की! खड्डा कुठं पळून चाललाय? सहा वरीस बंद हाय, अजून चार दिवस बंद ऱ्हाईल. तुमी व्हय म्हणताय, पण डोळं न्हाय म्हणत्यात तुमचं. तुमाला वाटतंय, ह्या म्हाताऱ्याला बोलायची हौस हाय. हाय की. पण हे हौसंचं न्हाय.

ते मातीचं घर बघितलंत ना? आत शिरलं की सगळी म्हणत्यात, आगं बया, एसी लावलाय का काय! एसी न्हाय, माती हाय. ती वीट भाजल्याली न्हाय, नुसती दाबल्याली — मुरूम, माती, थोडं शिमिट, यंत्रात भरायचं आन् दांड्यावर लोंबकळायचं, झाली वीट. भट्टी न्हाय, धूर न्हाय. त्येची मावळतीकडची भिंत हाय ना, ती हितं शिकायला आल्याल्या पोरांनी केल्याल्या विटांची हाय. दहा वर्साखाली पंधरा दिवसाचा वर्ग झाला हुता हितं, गावागावातली पोरं आल्ती, त्यात माझा गोकुळ हुता. माझा थोरला — थोरला काय, एकच हुता. घरी आला की हातावरचं फोड दाखवायचा आन् बोलायचं तर थांबायचं नाव न्हाय. तात्या, आपलं घर असं बांधू. तात्या, आपला गोबर गॅस चालू करू. तात्या, वरच्या तुकड्यावर सूर्यावरचा पंप बसवू, मग लाईटीची वाट बघाय नको. मी म्हणायचो, आधी गाईचं शेण काढ, मग सूर्याला हात घाल. हसायचा. त्या भिंतीत त्येच्या कुठल्या विटा हायत ते आता कुणाला सांगता येत न्हाय, म्हणून मी सगळ्याच भिंतीला हात लावत जातो रोज सकाळी, कुणी यायच्या आत. दुपारच्याला तितंच पाठ टेकून बसतो. गार लागती.

गेला. नऊ वरीस झाली. गोबर गॅसच्याच खड्ड्यात — म्हणून तर तुमाला बसवून घेतलं. आमचा पण असाच बंद पडल्याला, घरामागं परड्यात. पोरानं मनावर घेतलं. काय हुतं, तरण्या रक्ताला घाई असती. मी देवळात हुतो, एकादशी हुती, भजन चाललं हुतं. घरातल्या बाया वरच्या शिवारात खुरपायला. हा एकटाच. हितनं सगळं शिकून गेला हुता, तरी बी न बघता, न सवरता उतरला. बेफिकिरी झाली. तसंच हाय पंचनाम्यात, माझा जबाब हाय, खाली सही हाय माझी. म्हणून मी पन्नास-पन्नास माणसांस्नी सांगतो, बाबांनो, बेफिकीर ऱ्हाऊ नगा, माझं पोरगं गेलं बेफिकिरीनं —

काय म्हणालात?

न्हाय, म्हणा, म्हणा. मला राग न्हाय आला. "आमचा ऋषिराज तसा न्हाय, जपून काम करतो." तसा न्हाय. म्हंजे कसा न्हाय? माझ्या गोकुळसारखा न्हाय, व्हय ना? आठ वरीस मी हे सांगतोय, आन् ऐकून सगळी हेच म्हणत असतील घरी जाऊन. त्या तात्याचं पोरगं जरा उंडगं हुतं, आपलं तसं न्हाय. आपलं जपून करंल. आन् उतरत असतील. देवा. हे मला कुणी आजपातूर तोंडावर म्हणलं नव्हतं, सर्जेराव. तुमी म्हणालात.

बसा. उठू नगा. गाडी थांबंल.

गोकुळ बेफिकीर नव्हता. ऐका नीट, कारण हे मी कुणाला सांगितलं न्हाय. बनाबाईला न्हाय — बनाबाई म्हंजे माझी मालकीण — सुनंला न्हाय. नात हाय, प्राची, चौदाची. परवा ती जेवताना म्हणाली, आज्जा, पप्पांनी जरा काळजी घ्यायला पायजे हुती ना. मी भाकरी कुस्करत बसलो. पाच वर्साची हुती तवा. तिला बापाचं काय आठवत न्हाय, एवढंच म्हायती हाय की बाप बेफिकीर हुता. आन् ते कुणी सांगितलं तिला? मी सांगितलं.

गोकुळनं सगळं शिकवल्यासारखं केलं हुतं. टाकी काढली, चार दिवस उघडं ठेवलं, दोर आणून ठेवला, शेजारच्या सोपानाला सांगून ठेवलं, दोर धरायला ये म्हणून. आन् सोपानाकडनं कोंबडी आणली. त्यांच्यात माळ न्हाय, त्यांच्या दारात असायच्या. तांबडी कोंबडी हुती, गळ्यापाशी पांढरी. काखंत घेऊन दारातनं आत येत हुता, आन् त्याच येळंला मी देवळातनं घरी आलो. एकटा न्हाय — पखवाज आमच्या घरी असायचा, तो न्यायला भजनाचं बुवा आन् अजून दोघं संगं. कपाळाला बुक्का, पोटात उपास, एकादशीचा दिवस, आन् माझ्या दारात माझं पोरगं कोंबडी घेऊन उभं. बुवानं बघितलं. मग बघितलं माझ्याकडं.

मी वरडलो. असा वरडलो, सर्जेराव, की त्या कोंबडीनं पंख फडफडवलं. एकादशीच्या दिवशी माझ्या दारात कोंबडी? आधी परत दे तिला! गोकुळ म्हणाला, तात्या, कापायची न्हाय, नुसती खड्ड्यात सोडून बघायची, शिकवलंय आमाला. मी म्हणलं, आन् मेली म्हंजे? ते पाप कुणाच्या माथी? परत दे म्हणलं ना! बुवास्नी वाटलं, पोरानं खायलाच आणली. मला कळलं त्यास्नी तसं वाटलंय. मी तसंच वाटू दिलं. पोरगं माझ्याकडं बघत ऱ्हायलं, मग कोंबडीला गोंजारलं, आन् गेलं परत द्यायला. तिशीतला बाप्या माणूस. गेला आन् देऊन आला.

तुमाला वाटंल, मुक्या जीवाची दया आली मला. मी पण तसंच म्हणत आलोय मनाला. न्हाय. दया-बिया काय न्हाय. बुवा काय म्हणतील, भजनात माणसं काय म्हणतील, दत्तोबाच्या घरात कोंबडी शिरली — ती लाज. नुसती लाज. त्या कोंबडीचा जीव ऱ्हायला का गेला, माझं काय अडलं हुतं? पाण्यात बुडणारा मुंगळा तरी मी कधी काढला का हातानं? पण चारचौघांत मान खाली नको.

बुवा पखवाज घेऊन गेलं. मी म्हणलं, व्हा पुढं, आलोच. आन् मागं परड्यात गेलो, कारण आत कुठंतरी मला पण बरं वाटत नव्हतं, खोटं कशाला बोलू. गोकुळ खड्ड्याच्या काठावर बसला हुता. सोपानाला घरी पाव्हणं आलं हुतं, तो येतो म्हणाला थोड्या येळानं. गोकुळ म्हणाला, तात्या, कोंबडीबिगर कसं उतरू? राग न्हाय हं, खरंच इचारत हुता, ल्हान असताना इचारायचा तसा. आन् मी काय म्हणालो म्हायती हाय? आपल्या आज्यानं विहिरी खांदल्या, त्यानं कुठल्या कोंबड्या सोडल्या हुत्या? चार दिवस उघडं हाय. वास तरी येतोय का? भित्रा का काय तू?

मग म्हणालो — उतर.

मी म्हणालो, उतर. दोर पण बांधला नव्हता, सोपान यायचा हुता. त्यानं शिडी लावली. सहा पायऱ्या. खाली पोचला, माझ्याकडं वर बघितलं, खोरं घेतलं आन् राड्यात एकदा मारलं. दुसऱ्यांदा उचललं आन् खाली ठेवलं. मग बसला. पडला न्हाय, बसला. माणूस दमला की बसतो तसा, गुडघ्यावर हात ठेवून. आन् मी वरनं म्हणलं, आता का बसलास? ऊठ की. मला वाटलं, रुसलाय. कोंबडीवरनं बोललो म्हणून रुसलाय. मी काठावर उभा राहून त्येला रागं भरत हुतो, सर्जेराव, आन् तो...

किती येळ ते म्हायती न्हाय. मग त्येची मान गेली. मी वरडत शिडीवर पाय टाकला तवा सोपान आला, त्यानं मागनं कंबरंला मिठी मारून मला वढलं, न्हायतर तितं दोन झालं असतं. मी त्येला चावलो, हाताला. अजून वण हाय. माणसं आली, दोर टाकलं, काढलं. काय उपेग? बारामतीला नेलं, दवाखान्यात डॉक्टरनं नुसता हात धरला आन् सोडला.

आन् फौजदारानं इचारलं, तुमी कुठं हुता? माझ्या तोंडातनं आलं — देवळात. कसं आलं ते म्हायती न्हाय. आलं ते आलं. मग पुढचं सगळं त्येच्यामागनं आलं — एकटा हुता, घाई केली, न सांगता उतरला. बुवास्नी वाटलं, असंल, मागनं आला असंल दत्तोबा, त्या गर्दीत कोण बघतंय. सोपान शेजारी उभा हुता, त्येच्या हाताला फडकं बांधल्यालं, माझ्याच दाताचं. त्यानं माझ्याकडं बघितलं आन् जबाबात एक अक्षर बोलला न्हाय. आजपातूर न्हाय. वाटंत भेटला की 'राम राम तात्या' म्हणतो आन् पायाकडं बघतो. तो बोलला असता तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

आन् ती कोंबडी — ती पुढं तीन वरीस जगली. तांबडी, गळ्यापाशी पांढरी. सोपानाच्या दारातनं आमच्या अंगणात यायची, दाणं टिपायला. बनाबाई हाकलायची, मी म्हणायचो, ऱ्हाऊ दे. बनाबाईला वाटायचं, गोकुळ गेल्यापासनं म्हातारा मऊ झालाय. रोज बघायचो मी तिला. पिल्लं काढली तिनं दोन वेळंला. मी वाचवली हुती ना ती, एकादशीला.

माळ त्या महिन्यातच काढली. सगळी म्हणाली, देवावर रुसला. देवावर कशाला रुसू? देवानं कोंबडी पाठवली हुती की दारात. गळ्यात ऱ्हाईना, एवढंच. आन् वर्सानं ह्या सरांकडं आलो, म्हणलं, काम द्या, झाडू मारतो, पण गोबर गॅसपाशी कोंबडी ठेवायची. ते हसणार हुतं, मग माझ्या तोंडाकडं बघितलं आन् बरं म्हणालं. तवापासनं ही तिसरी. आठ वरीस मी हितं उभा राहून कोंबडी दाखवतोय आन् खोटं सांगतोय — एका तोंडानं दोन्ही.

काय? वाजला हॉर्न? वाजू द्या. तुमी हात का धरलात माझा? सोडा. मला बरं हाय. ऐका, आता येळ न्हाय. तुमी जाऊन सांगाल, ऋषिराज ऐकंल, न्हाय असं न्हाय. पण सकाळी तुमी पूजेला बसाल, आन् ते पोरगं म्हणंल, चला, बापाला कशाला तरास, मी उरकून टाकतो. गुणी पोरगं हाय ना. मग दारात कायतरी पायजे, त्येला अडवणारं. डालगं पायजे. कोंबडी पायजे, तुमच्या दारात, सगळ्या गावाला दिसंल अशी. तिला बघून थांबंल तो. इचारंल, आप्पा, माळकऱ्याच्या घरात ही कशाला? मग सांगायचं तुमी. आन् सोमवारपातूर थांबायचं, सरांची माणसं येतीलच, मी आत्ता फोन लावतो, तुमची गाडी सुटायच्या आत लावतो.

हे घ्या. डालग्यासकट घ्या. ही घ्याच म्हणतोय मी! तिला असं न्हाय धरायचं, पंखावरनं धरा, छातीशी — चोचत न्हाय ती. गरम लागती ना हाताला? सवय न्हाय तुमाला. गाडीत हसतील. तो मघाचा दात काढणारा म्हणंल, सर्जेराव, माळ काढली का काय! म्हणू द्या. हसू द्या. मांडीवर घेऊन बसा आन् निमगावापातूर हसू द्या त्यास्नी. मी एकदा हसू दिलं न्हाय कुणाला.

आन् ऋषिराजला सांगा — नाव घेऊन सांगा, सांगवीच्या दत्तोबाचं पोरगं, गोकुळ — त्यानं कोंबडी आणली हुती. तो बेफिकीर नव्हता. सगळं शिकवल्यासारखं केलं हुतं त्यानं, बापानं परत द्यायला लावली. बापानं उतर म्हणलं. असंच सांगा. तुमच्या घरात तरी खरं ऱ्हाऊ द्या. प्राचीला? हां... प्राचीला मीच सांगायला पायजे. आज घरी गेल्यावर बघतो. तोंड उघडंल का, ते म्हायती न्हाय.

जावा आता. तो ड्रायव्हर शिव्या घालाय लागला. तुमी पण पुसा डोळं, वयाला शोभत न्हाय, आन् तिचा पाय अडकलाय बघा डालग्यात — हां, निघाला. सरांस्नी मी सांगतो, दुसरी आणतो उद्या. काय? सोमवारी काम झालं की सरांच्या माणसांबरोबर कोंबडी परत —

न्हाय. परत देऊ नगा, सर्जेराव. जावा.